चूक तुझ्या मानेची नव्हती

मनू, काल फोनवर तू बोलता बोलता एक वाक्य म्हणालीस आणि ते काही केल्या माझ्या मनातून जाईना. "ताई, मीच घाबरून अंग ताठ केलं असणार, म्हणून मान धरली." आवाज रडवेला झाला होता तुझा. माझ्या आजूबाजूला माणसं होती म्हणून तेव्हा नुसतं हं हं केलं. आता घर झोपलंय, तेव्हा निवांत लिहिते.

आधी जे झालं ते तुझ्याच शब्दांत पुन्हा मांडते, कारण तुझं तुलाच ते नीट ऐकू येत नाहीये. तू पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला उभी होतीस. गाडी न्यूट्रलला, पाय ब्रेकवर. मागून टेम्पोने ठोकलं. त्या दिवशी बंपर चेपला एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलीस तर मान वळेना. आणि तेव्हापासून भेटेल तो तुला शहाणपण सांगतोय. मामा म्हणाला, अशा वेळी अंग सैल सोडायचं असतं. ऑफिसमधली कोणी म्हणाली, दारुडे बघ, उलटलेल्या गाडीतून कपडे झटकत बाहेर येतात, कारण त्यांचं अंग सैल असतं. हे सगळं ऐकून तू स्वतःलाच दोष देऊन मोकळी झालीस.

अगं, अंग ताठ करायला तुला वेळच कुठे मिळाला होता?

मागून धक्का बसतो तेव्हा आधी गाडी पुढे ढकलली जाते, तिच्यासोबत सीट, आणि सीटसोबत तुझी पाठ. डोकं मात्र होतं तिथेच राहतं. म्हणजे डोकं मागे फेकलं जात नाही, खालचं धड डोक्याखालून पुढे सरकतं. त्या क्षणी मानेचा आकार इंग्रजी एस अक्षरासारखा होतो. खालचे मणके मागे वाकतात, वरचे पुढे. एरवी मान अशी झटक्यात वाकत नाही. हे सगळं साधारण एक दशांश सेकंदात आटोपतं. मानेच्या स्नायूंना धक्क्याची वर्दी पोहोचून ते जागे व्हायला लागतात तेव्हा सत्तर ते शंभर मिलिसेकंद उलटून गेलेले असतात, आणि जागे झाल्यावर त्यांच्यात खरा जोर यायला आणखी वेळ लागतो. म्हणजे स्नायू आवळले जाईपर्यंत दुखापत करणारी हालचाल जवळजवळ संपलेली असते. पापणी मिटून उघडायलाही बहुतेक वेळा यापेक्षा जास्त वेळ लागतो. एवढ्या वेळात "सैल सोडू की ताठ धरू" हा विचार कुणाच्याही डोक्यात येऊ शकत नाही, मामाच्याही नाही.

आणि गंमत सांगू? मामा म्हणतो त्याच्या बरोबर उलट आहे. प्रयोगशाळेत माणसांना सीटवर बसवून असे हलके धक्के देऊन पाहिलेत. धक्का येणार हे ज्यांना ठाऊक होतं त्यांचं डोकं कमी मागे गेलं, ज्यांना बेसावध गाठलं त्यांचं जास्त. मागून बसणाऱ्या धक्क्यात बेसावध असणं आणि मान एका बाजूला वळलेली असणं, या दोन गोष्टी वाईट. तू तेव्हा डावीकडच्या आरशात बघत होतीस म्हणालीस ना? मग कारण तिथे शोध. तुझ्या घाबरटपणात शोधू नको. घाबरायला आधी काही दिसावं लागतं, तुला तर टेम्पो दिसलाच नव्हता.

आता दारुड्यांचं. ही समजूत मी लहानपणापासून ऐकत आलेय, तूही ऐकली असशील. खरं वाटावं असं त्यात थोडं काही आहेही. अपघातातून जे जखमी रुग्णालयापर्यंत पोहोचतात त्यांच्यात दारू प्यालेले कमी दगावतात, असं अमेरिकेतल्या काही नोंदींत दिसलंय. पण त्या नोंदीत जागच्या जागी गेलेला माणूस मोजलाच जात नाही. १९८६ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ११ लाखांहून जास्त चालकांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गाडीचा वेग, तिची मोडतोड, पट्टा होता की नव्हता, हे सगळं सारखं धरून तुलना केली. तेवढ्याच ताकदीच्या अपघातात दारू प्यालेला चालक गंभीर जखमी होण्याची किंवा मरण्याची शक्यता जास्तच निघाली. शिवाय प्यालेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला तर तो नशेत बरळतोय की मेंदूला सूज आलीय, हे डॉक्टरांनाही लवकर कळत नाही. कपडे झटकत बाहेर आलेला एक दारुडा गावभर लक्षात राहतो. जे आलेच नाहीत त्यांची गोष्ट सांगायला कोण येणार?

आता मी माझं एक सांगते. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

खंबाटकी घाटातला आमचा अपघात तुला आठवत असेल. तू तेव्हा बारावीला होतीस. पुढचा ट्रक अचानक थांबला, ह्यांनी ब्रेक दाबला, तरी आम्ही जाऊन धडकलोच. मला ते येताना दिसलं होतं. म्हणून मी दोन्ही हात डॅशबोर्डला टेकवले, कोपरं सरळ, पाय पुढे रोवलेले. उजवं मनगट मोडलं. अजून आत पट्टी आहे, पावसाळ्यात ठणकते. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येकजण एकच विचारायचा, "अगं पण हात कशाला टेकवलेस?" मी कित्येक महिने त्याचं उत्तर शोधत होते. तान्ह्या बाळाला दचकवलं की ते दोन्ही हात बाहेर फेकतं, पाहिलंयस ना? दचकलं की हात असे विचाराआधीच हलतात. तो माझा निर्णय नव्हताच. म्हणून काल तुझं वाक्य ऐकलं आणि मला माझीच ती खाट आठवली.

पण त्या मनगटानं मला एक हिशोब शिकवला, तो तुला सांगायलाच हवा. गाडी ताशी ५० किलोमीटरनं जाऊन भिंतीवर आदळली आणि एक दशांश सेकंदात थांबली असं धर. ५० म्हणजे काही फार वेग नाही, कर्वे रोडवर रात्री सगळे त्याहून जोरात जातात. तर त्या क्षणी शरीराला आपल्या वजनाच्या चौदा पट जोराचा हिसका बसतो. साठ किलोची बाई असेल तर तो भार साडेआठशे किलोंच्या जवळ जातो. असाच काहीसा भार माझे दोन हात अडवायला निघाले होते. हाडं मोडणारच.

पायाचंही तेच. समोरच्या धडकेत ब्रेकवर पाय गच्च रोवलेला असतो, पोटरीचे स्नायू घट्ट आवळलेले असतात. पुढून पेडलचा रेटा आणि मागून स्वतःच्याच पोटरीची ओढ, यांच्या मध्ये नडगीचं खालचं टोक आणि घोटा सापडतो. स्नायू आवळल्याने हाडावरचा भार वाढतो तो असा. म्हणून मला विचारशील की ताठ बरं की सैल बरं, तर एका शब्दात उत्तर नाही. हलक्या धक्क्यात आवळलेले स्नायू मानेला आणि धडाला थोडं धरून ठेवतात. तेच आवळलेले हातपाय मोठ्या धडकेत मोडायला कारण होतात. आणि वेग बराच असेल तर स्नायूंचा जोर त्या चौदा पटीपुढे काहीच नाही. ताठ असलीस काय, सैल असलीस काय, तुला धरून ठेवू शकतो तो फक्त पट्टा.

पट्टा किती धरू शकतो ते ऐक. जॉन स्टॅप नावाचे अमेरिकेच्या हवाई दलातले एक डॉक्टर होते. १० डिसेंबर १९५४ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ते रुळांवरच्या रॉकेटगाडीत बसले. ताशी हजार किलोमीटरच्या वर वेग गेला आणि दीड सेकंदाच्या आत गाडी थांबली. त्यांना वजनाच्या ४६ पट हिसका बसला. डोळ्यांत रक्त उतरलं, काही वेळ दिसेनासं झालं, पण ते वाचले, दृष्टीही परत आली, आणि पुढे वयाच्या ८९ व्या वर्षापर्यंत जगले. हा माणूस काही पैलवान नव्हता. त्यांना सीटला पट्ट्यांनी असं जखडलं होतं की तसूभर हलायला जागा नव्हती. नंतर त्यांनी मोटारीत पट्टे असावेत म्हणून आयुष्यभर आग्रह धरला. आपण आज लावतो तो तीन ठिकाणी धरणारा पट्टा १९५९ साली व्हॉल्वोच्या निल्स बोहलिन यांनी केला. छातीवरून तिरपा, कमरेवरून आडवा, म्हणजे हिसक्याचा भार बरगड्या आणि कमरेची हाडं अशा दणकट भागांवर वाटला जातो. आताच्या पट्ट्यांत तर धडकेची चाहूल लागताच तो आपोआप आवळणारी यंत्रणाही असते. आपल्या स्नायूंना जे वेळेत जमत नाही ते काम पट्टा करतो.

पण तो अंगाला लागून असला तरच. तू पट्टा छातीपासून दोन बोटं ओढून धरतेस, इस्त्री मोडते म्हणून. मी पाहिलंय. त्या दोन बोटांच्या ढिलाईत तुझं शरीर आधी वेग घेतं आणि मग पट्ट्यावर आदळतं. खालची पट्टी पोटावर नको, कमरेच्या हाडांवर, जवळजवळ मांड्यांवर. वरची पट्टी गळ्याला लागणार नाही अशी, खांद्याच्या मधोमध. आणि लांबच्या प्रवासात शेजारी बसून सीट आडवी करून झोपतेस ना, ते बंद कर. आडवं झालं की पट्ट्याखालून घसरायला होतं आणि तोच पट्टा पोटात रुततो. पाय डॅशबोर्डवर ठेवून बसणं तर नकोच. एअरबॅग फुटते ती ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं, तिच्यावर पाय असले तर गुडघे छातीवर येतात.

आणखी एक गोष्ट, ही मात्र फक्त आपल्या दोघींची. तू मला म्हणालीस, "बायकांचीच कशी गं अशी लगेच मान धरते? घाटातल्या अपघातात भावोजींना तर काहीच झालं नव्हतं." त्यात तुझ्या नाजूकपणाचा प्रश्न नाही. मागून बसलेल्या धक्क्यात मानेची दुखापत बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होते, हे कित्येक देशांच्या आकडेवारीत दिसलंय. आपली मान बारीक असते, स्नायू पातळ असतात, आणि सीटवर बसण्याची आपली ठेवण वेगळी असते. आणि गाड्या तपासायचे पुतळे कुणाच्या मापाचे होते? जगभर सर्वात जास्त वापरला गेलेला पुतळा १९७६ सालचा, पावणेसहा फुटांच्या आसपास उंचीचा, ७८ किलोचा पुरुष. बाईचा म्हणून जो पुतळा वापरत तो त्याच पुरुषाला आखडून छोटा केलेला. मध्यम बांध्याच्या बाईच्या मापाचा, मागच्या धक्क्याच्या चाचणीसाठी खास बनवलेला पुतळा स्वीडनमधल्या अॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटानं दाखवला तो २०२२ साली. म्हणजे तुझा जन्म होऊन, तू शिकून, नोकरीला लागेपर्यंत त्या चाचणीत तुझ्यासारखी मान कुणी बसवलीच नव्हती. आणि आपण मात्र स्वतःला म्हणतो, मीच नाजूक.

म्हणून आपण आपली काळजी स्वतः घ्यायची. तुला गाडी शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं, स्टिअरिंगला चिकटून बस, बॉनेट दिसलं पाहिजे. ते विसर. छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं, म्हणजे आपली एक वीत आणि वर चार बोटं. उंची कमी पडते तर सीट वर घे, ती वर होत नसेल तर खाली घट्ट उशी घे, पण पुढे सरकू नको. पाठ पूर्ण टेकलेली, कोपरं किंचित वाकलेली, हात नऊ आणि तीनच्या जागी. आणि स्टिअरिंग इतकं गच्च धरू नको गं. तुझ्या बोटांची पेरं पांढरी पडतात, खांदे कानाला लागतात. एक तास असं चालवलंस तर संध्याकाळी मान तशीही दुखणार. शरीराचा ताण ढिला करायचा असेल तर तो इथे कर, गाडी चालू असताना, सिग्नलला थांबलीस की. खांदे खाली सोड, एक लांब श्वास घे.

हेडरेस्ट हे नाव चुकीचं आहे. रेस्ट घ्यायला नाहीच ते. डोकं मागे जाण्याआधी त्याला अडवायला आहे. बहुतेक गाड्यांत ते सगळ्यात खाली दाबून ठेवलेलं असतं, तुझ्याही. तसं असलं तर ते मानेच्या मागे येतं आणि डोकं त्याच्यावरून मागे जातं. त्याची वरची कड तुझ्या टाळूच्या बरोबरीनं हवी आणि डोक्यामागे चार बोटांपेक्षा जास्त मोकळी जागा नको. केसांचा मोठा बुचडा किंवा क्लिप मध्ये येते, ती गाडीत काढून ठेव. आणि कधी आरशात मागून येणारी गाडी थांबणार नाही असं दिसलंच, तर करण्यासारखं एवढंच. समोर बघ, डोकं हेडरेस्टला टेकव, ब्रेक दाबून धर. वळून बघू नको.

स्नायूंवरून आठवलं, मर्सिडीज कंपनीनं २०१६ पासून काही गाड्यांत एक सोय दिलीय, ती वाचून मला बरं वाटलं होतं. धडक होणार असं गाडीला कळलं की ती आत एक सरसरता आवाज करते. त्या आवाजानं आपल्या कानातला एक इवलासा स्नायू आपोआप आवळतो आणि एअरबॅग फुटण्याच्या स्फोटासारख्या आवाजापासून कान वाचतो. आवळणारा स्नायू असा वेळेआधी जागा केला तर त्याचा उपयोग होतो. बाकीच्या स्नायूंना तेवढा वेळ मिळत नाही, एवढंच.

एक कबुली राहिली. आमची ईशा वर्षाची असताना मी तिला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसायचे. आई सांगायची, घट्ट धर गं. मी धरायचेही. मला वाटायचं, आईच्या हातांइतकं सुरक्षित काही नाही. मग तो चौदा पटीचा हिशोब मी दहा किलोच्या ईशावर करून पाहिला. १४० किलो. माझ्या हातातून ती गेली असती, आणि मी पट्टा लावला नसता तर तिच्यावर मी आदळले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही मागच्या सीटला बांधायची बाळाची खुर्ची आणली. तुझ्या मैत्रिणीचं बाळ आठ महिन्यांचं आहे ना, तिला हे आकडे सांग. मी सांगितलं म्हणून सांग.

मागच्या सीटचं तर आपल्याकडे कुणी मनावरच घेत नाही. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले. नावाजलेली, महागडी गाडी. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. ते दोघे गेले, पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. मागे पट्टा लावणं आपल्या कायद्यात बंधनकारक आहे, न लावल्यास हजार रुपये दंड आहे. तरी लोक पट्ट्याचा भोंगा बंद करायला नुसता खटका विकत आणून खोचतात. २०२३ साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं असे खटके ऑनलाइन विकायला बंदी केली, पण घराघरांतल्या गाड्यांत ते आहेतच. आपल्या काकांच्या गाडीत मी स्वतः बघितलाय. मागच्या माणसाला पट्टा नसेल तर तो पुढच्या सीटवर, म्हणजे पट्टा लावून बसलेल्या माणसाच्या पाठीवर येऊन आदळतो.

आता तुझ्या मानेचं. डॉक्टरांनी तपासून हाड ठीक आहे म्हटलंय, ते चांगलं झालं. असं दुखणं धक्क्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होणं नेहमीचं आहे, तू ढोंग करत नाहीयेस. मानेचा पट्टा बांधून आठवडेच्या आठवडे मान निपचित ठेवू नको, त्यानं ती आणखी आखडते. दुखणार नाही इतपत हळूहळू दोन्हीकडे वळवत राहा. पण कुणाकडून मान मोडून घेऊ नको, केस कापणारा कितीही म्हणाला तरी. आणि हाताला मुंग्या आल्या, पकड सैल वाटली, एकाचं दोन दिसायला लागलं, उलटी झाली किंवा डोकं वाढत्या जोरानं दुखायला लागलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी मला फोन करत बसू नको, आधी दवाखाना गाठ.

रविवारी आईला घेऊन वाईला जायचं ठरवलंयस ना, ते पुढच्या रविवारवर टाक. मान दोन्ही खांद्यांकडे पूर्ण वळल्याशिवाय घाट चढायचा नाही. आणि जाशील तेव्हा आईला मागे बसवून पदराखालून पट्टा घाल, खालची पट्टी कमरेच्या हाडांवर बसव, आणि खटका वाजल्याचं ऐकल्याशिवाय गाडी सुरू करू नको.